खाऱ्या वाफ्यातला कुसळीचा दाणा

मी एक जुना भाताचा दाणा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्या गोष्टीच्या शेवटी हिरवेगार शेत डोलत नाही. तुमच्या पुस्तकातले दाणे मातीत पडतात, पाणी पितात आणि पान उलटायच्या आत त्यांना लोंब्या लागतात. माझे तसे झाले नाही. मी आत्ता एका वाफ्यात बोटभर मातीखाली पडून आहे. माझे टरफल एका बाजूने उकलले आहे आणि त्यातून जेमतेम बाहेर आलेले माझे मूळ टोकाशी तपकिरी पडले आहे. अजून थोडी धुगधुगी आहे, तोवर बोलून घेतो.

आमच्या जातीला कुसळी म्हणत. प्रत्येक दाण्याच्या टोकाला लांब, खरखरीत कुसळ असे, म्हणून ते नाव. दिसायला आम्ही काळपट, शिजायला वेळखाऊ आणि झोडपणाऱ्याच्या अंगाला खाज आणणारे. देखणेपणाच्या नावाने शंखच होता. पण एक गुण आमच्यात असा होता की त्यापुढे सगळे माफ. खाडीला लागून असलेल्या शेतात उधाणाचे पाणी बांधातून पाझरले की इतर भात माना टाकत, आणि आम्ही उभे राहत असू. मुळाशी आलेले मीठ पानांपर्यंत चढू द्यायचे नाही, ही विद्या आम्ही आईच्या पोटातूनच शिकून येत होतो.

ज्या शेतात मी जन्मलो त्याच्या मालकाला सगळे बाबा म्हणत. बाबा अबोल होते आणि थोडे हेकटही. कापणीच्या आधी ते एकटेच शेतात उतरायचे, कडेची रोपे सोडून मधल्या रोपांकडे जायचे आणि भरलेल्या लोंब्या तेवढ्या खुडून पिशवीत टाकायचे. ते दाणे सावलीत वाळायचे. मग बाबा एक दाणा दाताखाली धरायचे. कट्ट असा आवाज झाला तरच बाकीचे बरणीत जायचे. आवाज झाला नाही, तर पुन्हा सावलीत. माझ्या शेजारचा दाणा असाच दाताखाली गेला. मी थोडक्यात वाचलो.

बाबांची एक रीत होती. बांध चांगला असो, शेत गोडे असो, तरी एका कोपऱ्यात ते कुसळी पेरायचेच. मागच्या वर्षीची बरणी त्या कोपऱ्यात रिकामी करायची आणि नव्या दाण्यांनी पुन्हा भरायची. लोक हसायचे. चांगल्या जमिनीत हे काळे कशाला, असे विचारायचे. बाबा उत्तर द्यायचे नाहीत. बोलायचा त्यांना कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्यापायी रीत मागे राहिली, पण तिचे कारण त्यांच्याबरोबर गेले. ज्या वर्षी मी बरणीत गेलो, त्याच वर्षी बाबा गेले.

मागे राहिली दोन भावंडे. थोरली अक्का आणि तिचा धाकटा भाऊ. अक्का शेत बघायची. भाऊ गवंडी होता, लोकांच्या भिंती बांधायचा आणि संध्याकाळी हातावर सिमेंटची पांढरी पापडी घेऊन घरी यायचा. दोघांचे पटायचे नाही आणि एकमेकांवाचून चालायचेही नाही.

बाबा बरणी खाटेखाली, भिंतीच्या गार अंधारात ठेवत. अक्काला ते बरे वाटेना. वडिलांची शेवटची आठवण अशी खाली, पायाशी? तिने बरणी उचलली, पदराने लख्ख पुसली आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर मांडली. "इथे ऊब आहे, बी कोरडंही राहील आणि येता-जाता नजरही पडेल," असे ती स्वतःशीच म्हणाली. मायेने केलेली गोष्ट चुकीची असू शकते, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हीसुद्धा फुशारलो. घरातली सगळ्यात मानाची जागा आम्हाला मिळाली होती!

मित्रांनो, दाणा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे का? तो खडा नव्हे. आमच्या पोटात एक इवलेसे रोप घडी घालून निजलेले असते आणि त्याच्या उशाशी शिदोरी बांधलेली असते. रोप निजलेले असते, मेलेले नसते. त्याची झोप गाढ राहायला दोनच गोष्टी लागतात, गारवा आणि कोरडेपणा. ऊब आणि ओल मिळाली की झोप चाळवते. रोप धड उठतही नाही आणि धड झोपतही नाही. कूस बदलत राहते आणि बसल्या जागी शिदोरी कुरतडत राहते. आतले नाजूक पडदे विरलेल्या कापडासारखे होतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही. दाणा तसाच टणक, तसाच काळा.

आमच्या खाली रोज पातेले उकळायचे. वाफ वर यायची आणि बरणीभोवती घोटाळायची. काचेची बरणी वाफेला आत घेत नाही, हे खरे. पण झाकण घट्ट राहिले तर ना! घरी कोणीही आले की अक्का चहाचे आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत आमची बरणी खाली काढून झाकण उघडायची.

"हे बघा, आमच्या बाबांची कुसळी. कितीही खार येऊ दे, मागे हटत नाही."

पाहुणे ओल्या हाताने आम्हाला ओंजळीत घ्यायचे, फुंकर मारायचे, नाकाशी न्यायचे, वा वा म्हणायचे आणि परत ओतायचे. भाऊ चिडवायचा.

"अक्का, पाहुण्याला चहा कमी आणि बरणी जास्त पाजतेस तू."

"तुझ्या भिंती दाखवू का मग? त्या बघायला परगावी जावं लागतं."

कौतुकाने पोट भरत नाही म्हणतात. आमचे तर कौतुकानेच पोट रिकामे होत गेले.

आणि कोपऱ्याची रीत? ती पहिल्याच वर्षी मोडली. बांध तेव्हा धड होता, माती गोडी होती, आणि बाजारातले नवे बुटके भात भरघोस पिकत होते. शिजतही होते मऊ. पेरणीच्या वेळी अक्का बरणीकडे बघायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "चांगलं बी चांगल्या वर्षात कशाला खर्चायचं? वाईट वर्ष आलं की काढू." तिला वाटायचे, ती आम्हाला राखून ठेवते आहे. भाऊही मान हलवायचा. या एका गोष्टीवर दोघांचे कधी भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते.

अशी वर्षे गेली. आम्ही म्हातारे झालो आणि कोणाला पत्ता नव्हता.

मग वाईट वर्ष आले. एका मोठ्या उधाणात बांध मधोमध फुटला आणि खाडी शेतात शिरली. पाणी ओसरायला बरेच दिवस लागले. ओसरले तेव्हा मातीवर पांढरी पापडी धरली होती. भाऊ म्हणाला, माझ्या हातासारखीच दिसते. त्यावर कोणी हसले नाही. बांधाला माती टाकून कशीबशी डागडुजी केली आणि अक्काने बुटका भात पेरला. तो पिवळा उगवला, पानांची टोके जळाली आणि चिमटीत धरून उचलावा तसा अलगद मातीतून सुटून आला. दुसरी पेरणीही तशीच गेली.

शेजारची शेते तोवर तळेवाल्याने घेतली होती. तो शेतात खाडीचे पाणी सोडून कोळंबी वाढवायचा. एकदा तळे झाले की ती माती पुन्हा भात बघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो अक्काचेही शेत मागायला दारात आला. ती घरात असूनही बाहेर आली नाही. भाऊ त्याच्याशी बराच वेळ बोलत उभा राहिला. मग आत येऊन शेगडीजवळ बसला. त्या दोघांचे बोलणे मी फळीवरून ऐकले.

"अक्का, त्या मातीत आता मीठच पिकणार."

"कुसळी पिकेल. बाबांच्या वेळी पिकली होती."

"बाबांच्या वेळी बाबा होते."

"आणि आता मी आहे. तूही आहेस की, धडधाकट! जगाच्या भिंती बांधतोस, घरचा बांध बांधायला हात दुखतात?"

भाऊ म्हणाला, "बरं. एक पेरणी. कुसळी उभी राहिली तर मी कामावर सांगून येतो आणि बांध पक्का बांधतो, दगडाचा. नाही राहिली तर तळेवाल्याला हो म्हणायचं. तो पुढच्या हंगामापर्यंत थांबणार नाही. आणि मग रडायचं नाही."

"रडतंय कोण!" अक्का म्हणाली आणि तिने बरणी खाली काढली. या वेळी पाहुणा कोणी नव्हता.

पेरण्याआधी खात्री करावी म्हणून अक्का बरणी बगलेत मारून बियाणे तपासणाऱ्या बाईंकडे गेली. बाईंची खोली लहान होती. खिडकीशी टेबल, टेबलावर झाकणाच्या काचेच्या बशा आणि बशांत ओले कागद. बाईंनी आमच्यातले थोडे दाणे काढून एका बशीत साध्या पाण्यावर मांडले आणि दुसरीत अक्काने शेतातून भरून आणलेल्या पाण्यावर. बाकी आम्ही बरणीतच राहिलो. काही दिवसांनी अक्का पुन्हा गेली आणि आम्हालाही घेऊन गेली. बरणी घरी एकटी ठेवायला ती आता धजत नव्हती.

बाईंनी साध्या पाण्याची बशी उघडली. आमच्या भावंडांपैकी निम्मेही उठले नव्हते. जे उठले होते त्यांच्याकडे बघवत नव्हते. कोणाला मूळ होते तर कोंब नव्हता, कोणाचा कोंब पिळवटून बशीकडेच वळला होता. बाकीच्यांवर पांढरी बुरशी चढली होती.

"आणि शेतातल्या पाण्यात?" अक्काने विचारले.

बाईंनी दुसरी बशी नुसती पुढे सरकवली. तिच्यात एकाच दाण्याने मूळ काढले होते, आणि तेही काळे पडले होते.

"म्हणजे खार सोसणारी जात ही नव्हेच, असं म्हणायचंय तुम्हाला?" अक्काचा आवाज चढला.

"जात तीच आहे हो. पण खार सोसायला अंगात बळ लागतं. दाणा म्हातारा झाला की पाणी आत घेतानाच त्याचे आतले पडदे फाटतात. आतली साखर बाहेर गळते, बुरशीला आयतं जेवण मिळतं. उरलंसुरलं बळ नुसतं जागं होण्यात जातं. मग मिठाशी झगडणार कशाच्या जोरावर? हेच बी ताजं असतं, तर कदाचित तुमच्या शेतात उभं राहिलं असतं." मग बाईंनी हळूच विचारले, "कुठे ठेवलं होतं?"

"शेगडीच्या वर. कोरडं राहावं म्हणून."

बाईंनी आमच्या बरणीचे झाकण घट्ट फिरवले. इतके घट्ट ते इतक्या वर्षांत कोणी लावले नव्हते.

"एक करता येईल," त्या म्हणाल्या. "हे जे उठलेत ना, ते घेऊन जा. घरी कुंडीत लावा, नळाच्या पाण्यावर वाढवा. शेतात नेऊ नका. दोन-चार जरी जगले आणि त्यांना लोंब्या आल्या, तरी तुम्हाला नवं बी मिळेल. शेताचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी शेत असायला हवं ना! आणि ही पांगळी पोरं घेऊन मी काय करू?"

"पांगळी असली तरी त्यांची लेकरं धडधाकट निघू शकतात, अक्का."

अक्काने त्या बशीकडे पाहिले. क्षणभर मला वाटले, ती हात पुढे करणार. पण तिच्या डोळ्यांपुढे कुंडी नव्हती, सगळे शेत होते. तिने बरणी उचलली. "बरणीभर आहेत अजून. एवढ्यातले थोडे तरी मर्द निघतील," असे म्हणून ती बाहेर पडली. इतकी वर्षे तिने एक दाणाही पेरला नव्हता. आता एकही मागे ठेवायला ती तयार नव्हती. भावाला तिने बशांबद्दल चकार शब्द सांगितला नाही.

आम्हाला साध्या पाण्यात भिजवून अक्काने शेताच्या त्यातल्या त्यात उंच कडेला वाफा केला आणि बरणी उपडी केली. तळाशी चिकटलेले दोन दाणेही तिने बोटाने काढले. इतक्या वर्षांनी माती! मला वाटले, आता सगळे ठीक होईल. माती म्हणजे आमचे घरच की.

पण ते घर आता आम्हाला ओळखत नव्हते. तहान लागली होती आणि चहूकडे पाणी होते, पण ते आत येईना. मीठ त्याला धरून ठेवायचे. उलट माझ्यातलेच बाहेर खेचले जाईल अशी भीती वाटायची. घोटभर पाणी आत आले, तर त्याच्या बोटाला धरून मीठही यायचे. माझ्या पोटातले रोप उठले, त्याने शिदोरी उघडली, तर तिच्यात फारसे काही उरलेले नव्हते. इतकी वर्षे शेगडीच्या उबेत झोपमोड होऊन त्यानेच ती संपवली होती. तरी त्याने मूळ पुढे ढकलले. मित्रांनो, मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याची कीवही आली. मुळाने मातीला हात लावला आणि चटका बसावा तसे ते थांबले. ते आजही तिथेच आहे.

माझ्या आजूबाजूला बहुतेक दाणे उठलेच नाहीत. वाफ्याच्या एका टोकाला मात्र काही उठले. सुईसारखी हिरवी टोके मातीबाहेर आली आणि अक्का बांधावरून ओरडली, "अरे ये! ये लवकर! आली बघ!"

भाऊ आला. चप्पल हातात घेऊन वाफ्याशी उकिडवा बसला आणि एका पानाला त्याने करंगळी लावली. विटा उचलणारा माणूस तो, पण बोट असे लावले की पान हललेसुद्धा नाही.

"आली की गं खरंच," तो म्हणाला. "बाबांनी पाहायला हवं होतं."

तो तसाच उठला आणि फुटलेल्या बांधाशी जाऊन पावलांनी लांबी मोजू लागला. दगड कुठून आणायचे, चुना किती लागेल, कोणाला हाताशी घ्यायचे, सगळे मोठ्याने बोलत होता. अक्का हसत होती. ते हसणे ऐकून मातीखाली मला रडावेसे वाटले. मला खालची मुळे दिसत होती, तिला वरची पाने.

उन्हाने वाफ्यातली ओल ओढली की खालचे मीठ तिच्याबरोबर वर यायचे. पानांची टोके आधी पांढरी झाली, मग करपली, मग सुरळी होऊन मिटली. अक्का घरून नळाचे पाणी कळशीने आणून ओतू लागली. मीठ थोडे खाली जायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा वर यायचे. एके दिवशी दुसरी कळशी घेऊन भाऊ तिच्या मागून आला. कामावरून सुट्टी काढली होती त्याने. दोघे येरझाऱ्या घालत राहिले. कळशी ती कितीशी आणि खाडी ती केवढी! शेवटची पाने पिवळी झाली तेव्हाही भावाने हात थांबवला नाही. शेवटी अक्कानेच त्याच्या हातातली कळशी काढून घेतली.

"पुरे," ती म्हणाली. "मी त्या बाईंकडे जाऊन आले सकाळी. ती बशीतली रोपं मागायला."

"कसली रोपं?"

मग तिने सगळे सांगितले. म्हातारे दाणे, बुरशी, कुंडी, सगळे.

"मग? दिली?" भावाने विचारले.

"टाकून दिली होती. तपासणी झाली की टाकतात. त्या तरी काय करणार, मीच नको म्हटलं होतं."

भाऊ चिडेल असे मला वाटले. पण तो तिच्या शेजारी बांधावर बसला आणि म्हणाला, "मला सांगितलं असतंस, तर मी तळेवाल्याला थांबवलं असतं."

"थांबला असता तो?"

"नसता थांबला," भाऊ म्हणाला. अक्का तेव्हा रडली, आणि 'रडायचं नाही' ही अट त्याने तिला बोलून दाखवली नाही.

आज सकाळी तळेवाल्याची माणसे आली आहेत. बांधात खाडीचे पाणी अडवायला लाकडी फळी आहे. ती उचलली की शेतात पाणी येते. भाऊ म्हणाला, "तू घरी जा, मी उचलतो." अक्का म्हणाली, "नको, बाबांची फळी आहे, मीच उचलते." फळी फुगून घट्ट बसली होती. तिला एकटीला जमेना, तेव्हा भावानेही हात लावला. आता पाण्याचा आवाज येतो आहे. वाफा उंचावर आहे, म्हणून मला अजून थोडा वेळ आहे.

मित्रांनो, अक्काला नावे ठेवू नका. तिच्याइतकी माया आमच्यावर कोणी केली नाही. पण माया शेगडीवरच्या फळीवर ठेवून टिकत नाही आणि बीही टिकत नाही. तुमच्या घरात, गावात कुठे अशी जुन्या वाणाची बरणी असेल, तर ती दाखवण्यापुरती उघडू नका. गार, कोरड्या अंधारात ठेवा, आणि तीसुद्धा फक्त पुढच्या पेरणीपर्यंत. वाईट वर्षाची वाट बघू नका. चांगल्या वर्षातच एक कोपरा तिला द्या, नवे दाणे घ्या, पुन्हा भरा. हे मी आमच्यासाठी मागत नाही. कुसळीची बरणी रिकामी झाली, आणि या वाफ्याबाहेर आमचा एकही दाणा आता कुठे उरलेला नाही.